झऱ्याच्या तोंडाशी: पेनसिल्व्हेनियातल्या प्लॅनेरियांच्या प्रकल्प नोंदी

१७ फेब्रुवारी

आजपासून वही सुरू. काम असं: कंबरलँड खोऱ्यातल्या झऱ्यांत आणि त्यांच्या ओढ्यांत कोणते प्लॅनेरिया (गोड्या पाण्यातले चपटे कृमी) राहतात, नेमके कुठे राहतात आणि तिथलं पाणी कसं आहे, हे वर्षभर नोंदवायचं. पेनसिल्व्हेनियाच्या दक्षिणेकडचं हे खोरं चुनखडीचं. पाऊस जमिनीत मुरतो, खडकाच्या भेगांतून लांबवर फिरतो आणि शेताच्या कडेला कुठेतरी अचानक वर येतो. लेटॉर्ट, बिग स्प्रिंग, बॉइलिंग स्प्रिंग्ज ही नावं इथल्या ट्राउट मासे पकडणाऱ्यांना तोंडपाठ आहेत. त्याच पाण्यात दगडाखाली राहणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या चपट्या कृमीची विचारपूस मात्र फारशी कोणी करत नाही.

आपल्याकडे दहावीच्या पुस्तकात प्लॅनेरिया भेटतो तो पुनर्जननाच्या धड्यात. तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचा नवा प्राणी होतो. इथल्या शाळांतही तेच. तो प्राणी मुळात राहतो कुठे, खातो काय, उन्हाळ्यात काय करतो, हे बहुतेकांना कधी कळतच नाही. मला ते कळून घ्यायचं आहे, आणि जमलं तर आमच्या खोऱ्यातल्या स्वयंसेवक गटाच्या नोंदींत त्याला स्वतःची जागा मिळवून द्यायची आहे.

ठिकाणं ठरली. झरा ‘अ’: एका शेतातलं जुनं स्प्रिंगहाउस. झरा ‘ब’: साउथ माउंटनच्या उतारावरचा, जंगलातला. ओढा ‘क’: झरा ‘अ’ मधून निघून खालच्या तळ्याला मिळणारा. ‘अ’ आणि ‘क’ साठी शेतमालकीणबाईंची परवानगी मिळाली आहे.

२ मार्च

झरा ‘अ’. स्प्रिंगहाउस म्हणजे झऱ्याच्या तोंडावरच बांधलेली दगडी खोली. फ्रिज नव्हते तेव्हा दुधाचे कॅन आत वाहत्या पाण्यात उभे करून ठेवत. छप्पर अजून शाबूत आहे, आत अंधार आहे, आणि तळाच्या दगडी कुंडातून पाणी संथ वाहतं. तापमान ११ अंश. बाहेर शेतात बर्फाचे ढिगारे होते, हवा शून्याच्या खाली होती.

भूजलाचं तापमान त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. म्हणून झऱ्याचं तोंड हिवाळ्यात गोठत नाही आणि उन्हाळ्यात तापत नाही. प्लॅनेरियांच्या बाबतीत हा एक मुद्दा समजला की अर्धा प्रकल्प समजला, असं माझं मत आहे.

तिसऱ्याच दगडाखाली पहिले प्राणी मिळाले. करडे, काळपटाकडे झुकणारे, दोन सेंटिमीटरच्या वर लांब. डोकं समोरून सरळ छाटल्यासारखं. टोकदार कान (डोक्याच्या बाजूंना निघालेले पाळीसारखे भाग) नाहीत. दोन डोळे. दगड उलटा केला की काही क्षण आक्रसून नुसते ठिपके होऊन बसतात, मग लांब होतात आणि उजेडापासून दूर, दगडाच्या दुसऱ्या बाजूला सरकू लागतात. सरकणं अगदी सलग. पोटाखालचे सूक्ष्म केस आणि स्वतःच सोडलेला चिकट स्राव यांवर ते चालतं.

बरोबर भाची होती. ती इथेच कॉलेजात शिकते. भिंगातून बघत म्हणाली, “मावशी, हे तिरळे बघतात गं.” तसे ते खरंच दिसतात. डोळ्याच्या काळ्या वाटीची एक बाजू उघडी असते आणि बाजूचा भाग पांढरा, त्यामुळे नजर नाकाकडे वळल्यासारखी वाटते. चित्र त्यांना दिसत नाही. उजेड कुठून येतो एवढं कळतं. दगडाखाली राहणाऱ्याला तेवढं पुरतं.

वहीत प्रजाती (जवळच्या जातींचा गट) लिहिली: फॅगोकाटा. पुढचं, जातीचं नाव आज लिहिलं नाही.

३ मार्च

काल आणलेल्यांपैकी एकाला घरी काचेच्या बशीत ठेवून कोंबडीच्या कलेजीचा मिरीएवढा तुकडा दिला आणि बशीखालून भिंगाने पाहिलं. नेहमीच्या प्लॅनेरियाला पोटाच्या मध्यावर एक ग्रसनी असते. तीच पांढरी नळी बाहेर काढून तो अन्न शोषतो. या प्राण्याच्या पोटाखालून एक नळी आली, मग दुसरी, मग बाजूने आणखी. प्रत्येक नळी स्वतंत्रपणे हलत होती, तुकड्याच्या वेगवेगळ्या जागा चाचपत होती. एक आत घुसली तेव्हा दुसरी अजून कडेवर फिरत होती. काही मिनिटांत करड्या अंगाच्या आत आतड्याच्या फांद्या कलेजीच्या रंगाने भरू लागल्या. भाचीला फोन करून बोलावलं. तिने येऊन पाहिलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

या अनेक ग्रसनींच्या अमेरिकन प्राण्याची ओळख याच भागातल्या अभ्यासकांनी करून दिली. सस्केहाना नदीपलीकडच्या लँकेस्टर काउंटीतल्या सॅम्युएल हॅल्डमन यांनी १८४० मध्ये त्याला ग्रॅसिलिस हे नाव दिलं. १८४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ लेडी यांनी त्याच्यासाठी फॅगोकाटा ही वेगळी प्रजाती मांडली. पुढे १९३७ मध्ये लिबी हायमन यांनी अशाच अनेक ग्रसनींच्या प्राण्यांतून वुडवर्थी ही जात वेगळी काढली. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक प्रजनन अवयवांच्या रचनेत आहे आणि तो पाहायला पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. म्हणून वहीत लिहिलं: ‘फॅगोकाटा, अनेक ग्रसनींचा गट’. दगड उलटून पाहणाऱ्याने इथवरच यावं. त्यापुढचं नाव नुसत्या डोळ्यांनी देणं मला मान्य नाही.

९ मार्च

आमिषाची पद्धत ठरवली. कलेजी दोऱ्याने चपट्या दगडाला बांधायची आणि प्रवाहात वरच्या बाजूला ठेवायची. वास पाण्याबरोबर खाली जातो आणि प्राणी प्रवाहाविरुद्ध चालत येतात. आमिष खालच्या टोकाला ठेवलं तर वरच्यांना पत्ताही लागत नाही. अर्धा तास ते तासभर पुरतो. रात्री जास्त येतात.

जाताना मऊ ब्रश आणि पिपेट न्यायचं. चिमटा अजिबात नाही, अंग फाटतं. नमुन्याची बरणी बर्फाच्या पेटीत ठेवायची. खोलीच्या तापमानात झऱ्याचे प्राणी तासाभरात मलूल होतात आणि त्यांच्या चिकट स्रावाने पाणी खराब होतं.

एका झऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट आणि जाळी गरम पाण्याने धुवून पूर्ण वाळवायची, हा नियम सर्वांना. सेंटर काउंटीच्या स्प्रिंग क्रीकमध्ये २०१३ साली न्यूझीलंडची चिमुकली गोगलगाय, मड स्नेल, सापडली होती. अशा गोष्टी बुटांना चिकटूनच पसरतात.

६ एप्रिल

झरा ‘ब’. इथे चुनखडी नाही, साउथ माउंटनचा कठीण खडक आहे. कुजलेल्या पानांच्या थराखालून पाणी झिरपतं आणि हातभर रुंदीच्या ओहळात जमा होतं. तापमान ९ अंशांच्या जरा वर. वॉटरक्रेस (पाण्यात वाढणारी पालेभाजी) नाही, गॅमरस (कोळंबीसारखे बारीक जीव) तुरळक. ‘अ’ मध्ये दगड उचलला की हे कवचधारी गॅमरस चारी दिशांना पळतात. ती गजबज इथे नाही.

पानांच्या खालच्या बाजूला पांढरे प्लॅनेरिया. पांढरा प्राणी मिळाला की आधी डोळे शोधायचे, हे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. कारण इथल्या जमिनीखाली आंधळे पांढरे प्लॅनेरियाही आहेत. लँकेस्टर काउंटीतल्या रेफ्टन गुहेतला स्फॅलोप्लाना प्राइसाय हायमन यांनी १९३७ मध्ये नोंदवला. केंटकीच्या मॅमथ केव्हमधला त्याचा भाऊबंद १८७९ पासून माहीत आहे. टेक्सासमध्ये सॅन मार्कोसच्या भूजलातही याच गटातला एक आहे. झऱ्याचं तोंड हे भूजलाचं दार असल्याने एखादा आंधळा प्राणी पाण्याबरोबर बाहेर येऊ शकतो.

आजच्यांना डोळे होते. दोन, लहान, एकमेकांजवळ. ग्रसनी एकच. सेंटिमीटरभर लांबी, अंग दुधाळ, आतडं खाल्लेल्या अन्नाने तपकिरी. डोक्याच्या टोकाला चिकटून धरणारा अवयव नाही, म्हणजे प्रोकोटायला नव्हे. प्रोकोटायलाही पांढरा असतो, पण त्याला दोन्ही बाजूंना जास्त डोळे असतात आणि तो दबा धरून गॅमरस पकडतो. थंड झरा, जंगल, पूर्व अमेरिका आणि हे रूप, सगळं फॅगोकाटा मॉर्गनायशी जुळतं.

या जातीची गोष्ट मला फार जवळची वाटते. तिचं वर्णन १९०६ मध्ये नेटी स्टीव्हन्स आणि अॅलिस बोरिंग यांनी प्रसिद्ध केलं. फिलाडेल्फियाजवळचं ब्रिन मॉर कॉलेज इथून गाडीने दोनेक तासांवर आहे. स्टीव्हन्स तिथल्याच. आदल्याच वर्षी, १९०५ मध्ये, त्यांनी पिठातल्या किड्याच्या पेशी तपासून नर की मादी हे गुणसूत्रांवर ठरतं हे दाखवून दिलं होतं. त्याच हातांनी त्या प्लॅनेरियाही जमवत होत्या, त्यांची जननपेशी आणि भ्रूणवाढ अभ्यासत होत्या. जातीला नाव दिलं टॉमस हंट मॉर्गन यांचं. ते १९०४ पर्यंत ब्रिन मॉरमध्येच शिकवत होते आणि प्लॅनेरियांच्या पुनर्जननावरचे त्यांचे प्रयोग तेव्हाचेच. पाठ्यपुस्तकातला तुकड्यांचा प्लॅनेरिया आणि इथला पानाखालचा पांढरा प्लॅनेरिया, दोघांची वाट त्याच कॉलेजातून जाते.

२० एप्रिल

जंगलातलं एक हंगामी डबकं पाहिलं. हिवाळा-वसंतात भरतं, उन्हाळ्यात कोरडं पडतं. प्लॅनेरिया मिळाले नाहीत. तरी अशी डबकी सोडायची नाहीत, कारण काही जाती याच जागांवर जगतात. फॅगोकाटा व्हेलाटा पाणी तापू लागलं की स्वतःचे तुकडे करते, प्रत्येक तुकडा स्रावाच्या कवचात बंद होतो आणि थंडी आली की त्यातून छोटा कृमी बाहेर पडतो. हायमनेला ही आणखी एक प्लॅनेरिया जाड कवचाची ककून (अंड्यांची डबी) मागे ठेवते. प्राणी मरतात, ककून कोरड्या काळातून निभावते. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा यायचं.

११ मे

पाऊस. घरी बसून केंक वाचले. रोमन केंक स्लोव्हेनियातून अमेरिकेत आले आणि आयुष्यभर याच प्राण्यांवर काम करत राहिले, नंतरच्या वर्षांत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या प्लॅनेरियांची त्यांची ओळखपुस्तिका १९७२ मध्ये इथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने काढली. अजूनही हाताशी तीच लागते.

पुस्तिकेतून खंडाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. पूर्वेकडच्या थंड झऱ्यांत फॅगोकाटा. पूर्वेच्याच गार ओढ्यांत क्यूरा फोरमनाय, गडद आणि आखूड. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या ओढ्यांत पॉलिसेलिस कोरोनाटा: त्याला दोन डोळे नसतात, डोक्याच्या कडेने बारीक डोळ्यांची माळच असते. अलास्कात त्याच प्रजातीतला बोरिअॅलिस, केंक यांनीच १९५३ मध्ये नोंदवलेला. झऱ्याचं पाणी आणि त्याचे ओढे, दलदली, यांत गिरार्डिया डोरोटोसेफाला, लांब टोकदार कानांचा. आणि नद्या, तळी, बागेतले हौद, जिथे पाणी तापतं तिथे गिरार्डिया टायग्रिना, ठिपक्याठिपक्यांचा, आखूड कानांचा. हा शेवटचा इतका सहनशील की पाणवनस्पतींबरोबर परदेशी गेला. १९२० च्या दशकापासून युरोपातल्या पाण्यातही तो आहे. झऱ्यातला फॅगोकाटा असा कुठे जाऊ शकत नाही. त्याला हवं ते तापमान झऱ्याच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर संपतं.

२१ जुलै

वर्षातला सर्वांत महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर.

हवा ३४ अंश. सकाळपासून ‘अ’ ते तळं असा पूर्ण ओढा चालत उतरलो. ठरावीक अंतरावर थर्मामीटर आणि दगड. स्प्रिंगहाउसच्या कुंडात पाणी ११ अंशच. मार्चमध्ये होतं तेवढंच. करडे फॅगोकाटा नेहमीच्या जागी, दगडामागे पाच-सहा.

दाराबाहेर वॉटरक्रेसच्या पट्ट्यात १२. इथेही तेच प्राणी, पण दगडांच्या वरच्या बाजूला एकही नाही. क्रेसच्या मुळांत गॅमरस आणि क्रेसबग (तसेच बारीक कवचधारी) खच्चून भरलेले. जखमी किंवा कात टाकणारा गॅमरस मिळाला की प्लॅनेरिया त्याच्यावर जमतात. एका क्रेसबगवर चार प्राणी एकमेकांवर चढून खात होते. चुनखडीच्या झऱ्यात यांची गर्दी का, याचं उत्तर अन्नात आहे: कॅल्शियममुळे कवचधारी भरपूर, आणि कवचधारी भरपूर म्हणून प्लॅनेरिया भरपूर.

कुंपणापर्यंत झाडांची सावली आहे. तिथे १५. फॅगोकाटा विरळ झाले. एका दगडाखाली लांब टोकदार कानांचा तपकिरी गिरार्डिया, आणि शेजारच्या दगडावर देठ असलेली गोल काळपट ककून. देठ गिरार्डिया आणि क्यूरा या दोन्हींच्या ककूनला असतो; फॅगोकाटाच्या ककूनला नसतो. प्राणी समोर नसला तरी देठावरून एवढं लिहिता येतं.

कुंपणापलीकडे गुरांनी काठ तुडवला आहे. सावली नाही, तळाशी गाळ. पाणी वीसच्या पुढे. दगडाच्या खालच्या बाजूला पोकळीच उरली नाही, गाळाने बुजली. प्लॅनेरिया शून्य. दगड आणि तळ यांच्यामधली बोटभर फट हेच यांचं घर. ती बुजली की पाणी कितीही स्वच्छ असो, राहायला जागा नाही.

तळ्याच्या तोंडाशी २५. पाण्यात पडलेल्या फळकुटाखाली ठिपकेदार टायग्रिना, मजेत. काहींचा शेपटाकडचा भाग नुकताच तुटून वेगळा झालेला. उबदार पाण्यात ते असे विभागून वाढतात.

एका सकाळच्या चालण्यात तीन वेगळी घरं झाली. नकाशावर हा सगळा एकच ओढा आहे, एकाच नावाचा. अंगणापासून वेशीपर्यंत जेवढं अंतर, तेवढ्यात रहिवासी पूर्ण बदलले.

१८ ऑगस्ट

‘ब’ वर पाणी जेमतेम. पांढरे प्राणी पानांखाली मिळाले नाहीत. वाळू बाजूला केल्यावर खाली, ओलाव्यात मिळाले. तापमान १० अंश. झरा आटतो तसे ते पाण्यामागे खाली जातात.

१४ सप्टेंबर

गटाची बैठक. ओढ्यांच्या पाहणीच्या तक्त्यात प्लॅनेरियांसाठी एकच ओळ आहे, ‘टर्बेलेरिया’, म्हणजे मोकळ्या राहणाऱ्या चपट्या कृमींचा सगळा गट. तीत थंड झऱ्याचा मॉर्गनाय आणि गरम तळ्याचा टायग्रिना एकाच आकड्यात मिसळतात. शिवाय नेहमीची पद्धत अशी: पायाने तळ ढवळायचा, जाळीत येईल ते अल्कोहोलमध्ये टाकायचं, महिन्याने प्रयोगशाळेत उघडायचं. अल्कोहोलमध्ये प्लॅनेरिया आक्रसून बिनओळखीची गोळी होतो. डीएनएसाठी ती गोळी चालते, डोळे-कान-रंग पाहायला चालत नाही. जिवंत असताना पाच मिनिटं पांढऱ्या ट्रेमध्ये पाहिलं तर जे कळतं, ते नंतर कधीच कळत नाही.

मी तीन गोष्टी मांडल्या. प्लॅनेरिया जागेवरच जिवंत पाहायचे: डोळे किती, कान आहेत का, रंग कोणता, ग्रसनी दिसल्या तर किती. झऱ्याचं तोंड हे ओढ्यापासून वेगळं ठिकाण म्हणून नोंदवायचं. आणि प्रत्येक नोंदीबरोबर पाण्याचं तापमान. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, की स्वयंसेवकांना एवढं जमणार नाही. भाची उठली आणि स्वतःच्या मोबाइलवरचे फोटो फिरवले. भिंगातून काढलेले, डोळे आणि कान स्पष्ट दिसणारे. तिला हे शिकायला एक दुपार लागली होती. पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या. तिसरी आधीच तक्त्यात होती, फक्त कोणी भरत नव्हतं.

५ ऑक्टोबर

शेतमालकीणबाईंचा फोन आला. गुरांसाठी कुंपण आणि पाण्याचं कुंड करायचं आहे, त्यासाठी स्प्रिंगहाउस पाडून झऱ्याच्या तोंडावर काँक्रीटची बंद पेटी बसवायचा विचार आहे. माझं मत काय.

कुंपण अगदी हवंच. जुलैत पाहिलेला तुडवलेला काठ त्यानेच सावरेल. पण पेटी तोंडावर बसली तर ११ अंशांचा तेवढाच तुकडा, दगड, फटी, क्रेस, सगळं सिमेंटखाली जाईल आणि फॅगोकाटाला खाली सरकायला जागा नाही. खाली पाणी तापतं. मी त्यांना आत नेलं, कुंडातला दगड उचलून दाखवला आणि ट्रेमध्ये कलेजीचा तुकडा टाकला. नळ्या बाहेर येताना त्यांनी पाहिल्या. म्हणाल्या, “लहानपणी मी इथे दुधाचे कॅन ठेवायला यायचे. हे तेव्हाही असतील?” मी म्हटलं, असणार; या दगडांखाली त्यांना हलायचं कारण पडलेलं नाही.

तोडगा असा काढला: स्प्रिंगहाउस राहील. पाइप क्रेसच्या पट्ट्याच्या खालून, कुंपणाजवळून घ्यायचा आणि थोडंच पाणी काढायचं, प्रवाह तुटता कामा नये. उतार पुरेसा आहे. भाचीने पातळी मोजली.

१६ नोव्हेंबर

पाइप बसला, कुंपण झालं. बसवणाऱ्यांनी पट्ट्याच्या वरचे दगड हलवले नाहीत, हे स्वतः उभं राहून पाहिलं. पाइपच्या तोंडाला जाळी लावून घेतली. कुंडात ११ अंश, फॅगोकाटा नेहमीसारखे.

कामांची यादी: कुंपणाखालच्या टप्प्यात डिसेंबरपासून दर महिन्याला तेच दगड, तेच थर्मामीटर, गाळ वाहून गेला की खालची पोकळी मोकळी होते का आणि गिरार्डिया किंवा क्यूरा तिथे कधी पोचतात, ते बघायचं. करड्या फॅगोकाटाचे पूर्ण वाढलेले काही नमुने काप करण्यासाठी विद्यापीठात द्यायचे आहेत; पातळ नायट्रिक अॅसिडमध्ये मारायचे म्हणजे ताठ, सपाट राहतात. मार्चमध्ये हंगामी डबकं. ‘ब’ च्या वरच्या बाजूला आणखी दोन ओलसर जागा मालकाने दाखवल्या आहेत, त्यांना ‘ड’ आणि ‘ई’ अशी नावं दिली. शनिवारी सकाळी भाची आणि मी ट्रे घेऊन तिथे जाणार आहोत.